दान्तेचे काव्य कोणाच्या मालकीचे?

इ. स. १३७३ च्या उन्हाळ्यात इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या काही नागरिकांनी नगराच्या सरकारकडे एक अर्ज केला. त्यात करमाफी मागितलेली नव्हती, की धान्याचा भाव उतरवून द्या असेही म्हटलेले नव्हते. बावन्न वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एका कवीचे पुस्तक कोणा जाणत्या माणसाने गावाला जाहीरपणे समजावून सांगावे, सणवार वगळून वर्षभर सांगावे, आणि त्याचा मेहनताना नगराच्या तिजोरीतून द्यावा, एवढीच मागणी होती. लॅटिन न शिकलेल्यांनाही त्यापासून लाभ व्हावा, हा हेतू अर्जात लिहिलेला होता. मतदान झाले. १८६ मते बाजूने पडली, १९ विरुद्ध. शंभर फ्लोरिन हे वर्षाचे मानधन ठरले, बोकाच्चिओ हा त्या काळचा मोठा लेखक वक्ता म्हणून नेमला गेला, आणि २३ ऑक्टोबर १३७३ रोजी सान्तो स्तेफानो ह्या चर्चमध्ये पहिले व्याख्यान झाले.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. फ्लॉरेन्सची ही व्याख्यानमाला तिच्याहून पाचशे दोन वर्षांनी वडील. ज्याच्यासाठी ती भरविली गेली त्या कवीचे नाव दान्ते अलिगिएरी, आणि पुस्तकाचे नाव ‘कोम्मेदिया’. ‘दिव्य’ हे विशेषण दान्तेने लाविलेले नाही. ते प्रथम बोकाच्चिओने वापरले आणि छापील पुस्तकाच्या मथळ्यावर आले ते १५५५ साली, व्हेनिसच्या एका आवृत्तीत.

जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांपुढे इटलीच्या एका जुन्या कवीचे आख्यान कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. मी संघटनेचा माणूस. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. दान्तेचे नाव मला कोणा प्राध्यापकाने सांगितले नाही, ते मला मार्क्सच्या पुस्तकात भेटले. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाची प्रस्तावना २५ जुलै १८६७ ह्या तारखेची आहे, आणि तिचा शेवट मार्क्सने दान्तेच्या एका ओळीने, शब्दांत थोडा फेर करून, केला आहे. लोक काय म्हणतील ते म्हणोत, आपण आपली वाट सोडू नये, असा तिचा आशय. कापसाच्या दराचे आणि गिरण्यांतील कामाच्या तासांचे हिशेब मांडणाऱ्या पुस्तकाच्या दारात हा साडेपाचशे वर्षांपूर्वीचा कवी काय म्हणून उभा आहे, ह्या कुतूहलाने मी ते काव्य इंग्रजी गद्य भाषांतरातून वाचावयास घेतले. कोश शेजारी ठेवून पहिल्या वाचनाला मला दोन पावसाळे लागले.

दान्ते जन्मला १२६५ साली. घराणे जुने, परंतु फारसे श्रीमंत नव्हे. फ्लॉरेन्स हे त्या वेळी लोकरीच्या कापडाचे आणि सावकारी पेढ्यांचे शहर होते. सत्ता धंद्यांच्या संघांच्या हाती होती. १२९३ च्या कायद्यांनी सरदार घराण्यांना अधिकारपदे बंद केली, आणि दोन वर्षांनी त्यांत थोडी ढिलाई झाली तरी अट राहिलीच, की ज्याला पद हवे त्याचे नाव कोणत्या तरी संघाच्या वहीत असले पाहिजे. दान्तेने आपले नाव वैद्य आणि औषधविक्रेते ह्यांच्या संघात घातले. जगाच्या एका महाकवीच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात अशी सभासदत्वाच्या पावतीने झाली, ह्याचा माझ्यासारख्याला आनंद वाटला तर तुम्ही समजून घ्याल.

धंद्यांचे संघ म्हटले की जुन्नरकरांनी फार लांब जावयास नको. आपल्या डोंगरांतील लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांपैकी एकात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख सापडतो. त्याच डोंगरांत यवनांचीही दाने कोरलेली आहेत. कोणी पाण्याच्या टाक्या दिल्या, कोणी भोजनमंडप. नाणेघाटाने उतरणारा माल समुद्रापलीकडे जात होता आणि पलीकडची माणसे इकडे येत होती. अशा गावाला इटली परकी म्हणणे हा इतिहासाचा अपमान होईल.

परंतु फ्लॉरेन्सच्या संघांविषयी भाबडेपणा नको. ते मालकांचे आणि कारागिरांचे संघ होते. लोकर धुणारे, पिंजणारे, खुंदळणारे जे हजारो मजूर होते त्यांना संघ करण्याची मनाई होती. बोकाच्चिओच्या व्याख्यानांना पाच वर्षे होतात न होतात तोच, १३७८ साली, हे मजूर रस्त्यावर आले. इतिहासात तो ‘चिओम्पीं’चा उठाव म्हणून ओळखला जातो. त्यांनी स्वतःचा संघ मिळविला आणि काही आठवड्यांतच तो मोडला गेला. त्यांची आठवण येथे ठेवावी. दान्तेचे काव्य गुणगुणणारे लोक कोण, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

१३०० च्या उन्हाळ्यात दान्ते दोन महिने नगराच्या सहा प्रमुखांपैकी एक होता. पक्षभेद विकोपाला गेले होते. पोप बोनिफेस आठवा ह्याच्या पाठबळाने विरुद्ध पक्ष सत्तेवर आला, आणि २७ जानेवारी १३०२ रोजी दान्तेवर पैसे खाल्ल्याचा आरोप ठेवून दंड आणि हद्दपारी लादली गेली. तो हजर झाला नाही. १० मार्चला दुसरा निकाल लागला: सापडला तर जिवंत जाळावा. त्यानंतर एकोणीस वर्षे तो ह्या दरबारातून त्या दरबारात फिरत राहिला. १३१५ साली परत येण्याची एक संधी मिळाली होती, पण तिच्यासाठी अपराध्याप्रमाणे जाहीर क्षमा मागावी लागणार होती. त्याने ती झिडकारली. १३२१ साली राव्हेन्ना येथे तो वारला, आणि त्याच्या अस्थी आजही तेथेच आहेत.

ह्या भटकंतीत ते काव्य झाले. शंभर सर्ग, १४,२३३ ओळी, नरक, शुद्धिपर्वत आणि स्वर्ग असे तीन भाग. गोष्ट सांगावयास सोपी आहे. इ. स. १३०० च्या ईस्टरच्या आठवड्यात कवी एका अंधाऱ्या रानात वाट चुकतो. प्राचीन रोमन कवी व्हर्जिल त्याला भेटतो आणि नरकाच्या नऊ वर्तुळांतून खाली पृथ्वीच्या मध्यापर्यंत, तेथून पलीकडे शुद्धिपर्वताच्या माथ्यापर्यंत नेतो. पुढे व्हर्जिलला जाता येत नाही, कारण तो ख्रिस्तापूर्वी जन्मला. तेथून कवीला बिआत्रिचे नेते. तरुणपणी ज्या स्त्रीवर त्याने प्रेम केले आणि जी अकाली वारली, ती ही. आपल्याकडे नरकाची वर्णने गरुडपुराणात कमी नाहीत. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरालाही नरक दाखविला जातो. तेथे तो आपल्या माणसांचे आवाज ऐकतो आणि त्यांना सोडून जावयास साफ नकार देतो. दान्ते आपल्या गुरूला मागे ठेवून पुढे जातो. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचले की मला तरी युधिष्ठिर मोठा वाटतो. असो.

दान्तेचे वेगळेपण असे की त्याच्या नरकात नुसते पापांचे प्रकार नाहीत. गावची माणसे आहेत, नावानिशी. ज्यांना मरून दहावीस वर्षेही झाली नाहीत असे न्यायाधीश, सरदार, धर्मगुरू तेथे भेटतात आणि तोंडाने आपली हकीकत सांगतात. पोप निकोलस तिसरा डोके खाली, पाय वर अशा स्थितीत एका खडकाच्या भोकात पुरलेला आहे, आणि बोनिफेस अजून जिवंत असताना त्याची जागा तेथे राखून ठेविली आहे. वर्तमानपत्रे नसलेल्या काळात हे लिहिणे म्हणजे काय, ते ज्याला हद्दपारीचा हुकूम मिळाला आहे त्यालाच कळेल.

आणि सावकार. ह्या ठिकाणी मला थोडे थांबावयाचे आहे. अकराव्या सर्गात व्हर्जिल शिष्याला समजावतो, की निसर्ग हे ईश्वराचे काम, मनुष्याचे कसब निसर्गाला पाहून शिकते, म्हणून ते कसब जणू ईश्वराचे नातवंड आहे. मनुष्याने ह्या दोहोंवर, निसर्गावर आणि श्रमावर, पोट भरावे. व्याज खाणारा दोहोंनाही डावलतो, म्हणून तो पापी. युरोपचे अर्थशास्त्र जन्मण्यापूर्वी काही शतके एका कवीने श्रमाला दिलेली ही जागा आहे. पुढे सतराव्या सर्गात हे सावकार भेटतात. तापलेल्या वाळूच्या कडेला ते बसले आहेत, वरून ठिणग्या पडत आहेत. दान्ते तोंडे निरखतो. एकही चेहरा ओळखू येत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात मात्र पैशाची पिशवी आहे, तिच्यावर घराण्याचे चिन्ह आहे, आणि त्यावरून माणूस ओळखावयाचा. पिवळ्या पिशवीवर निळा सिंह: फ्लॉरेन्सचे एक बडे घराणे. पांढरीवर निळी डुकरीण: पादुआचे स्क्रोव्हेन्यी. जन्मभर पिशवीकडे पाहिलेल्या माणसाचा चेहरा पुसला जातो, हे सांगावयास त्याने एक शब्दही जास्त खर्च केलेला नाही. ह्याच स्क्रोव्हेन्यींच्या मुलाने पादुआत एक चॅपेल बांधले आणि जोत्तोकडून त्याच्या भिंती रंगवून घेतल्या. बापाच्या व्याजाचे ते प्रायश्चित्त होते असे पुष्कळ मानतात. जगातल्या सुंदर भिंतींपैकी त्या आहेत, हेही खरे.

आपल्या भागाला हा सर्ग समजावून सांगण्याची गरज पडू नये. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. त्याच्याही आधी, १८७३ च्या सुमारास, आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील जांभोरीच्या होनाजी केंगले ह्यांनी महादेव कोळ्यांना घेऊन सावकारांविरुद्ध हत्यार उचलले होते. १८७६ साली ते पकडले गेले. त्यांच्या टोळ्या सावकारांची नाके कापीत. दान्तेने चेहरेच पुसले. कोणती शिक्षा जास्त टिकली, हे सावकारांना विचारावे.

आता बोकाच्चिओकडे परत येऊ. त्याने साठेक व्याख्याने दिली. १३७४ च्या आरंभी आजारामुळे ती बंद पडली, आणि पुढच्या वर्षी तो वारला. त्याची टिपणे सतराव्या सर्गाच्या सुरुवातीलाच तुटतात. ज्या सर्गात फ्लॉरेन्सचे सावकार बसले आहेत त्याच्या उंबऱ्यावर फ्लॉरेन्सच्या तिजोरीतून चाललेली व्याख्यानमाला थांबली. ह्यात कारस्थान काही नाही, आजारच होता. पण इतिहासालाही कधी कधी विनोद सुचतो. जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. व्याख्याने चालू असताना पंडितांनी बोकाच्चिओवर टीका केली होती, की सरस्वतीची गुपिते तू बाजारबुणग्यांपुढे उघडी केलीस. त्यावर त्याने काही सुनीते लिहिली. त्यांत तो प्रतिटोला देत नाही. उलट आपला आजार हा त्याच पापाचा दंड आहे अशी कबुली देतो. शंभर फ्लोरिन घेऊन लोकांपुढे बोललेला हा मोठा माणूस शेवटी लोकांनाच दोष देऊन मोकळा झाला. मला त्याचा राग येतो.

कारण दान्तेने स्वतः हा वाद आधीच निकालात काढला होता. त्या काळी शहाण्याने लिहावयाचे ते लॅटिनमध्ये. ‘मेजवानी’ ह्या नावाच्या गद्य ग्रंथात तो म्हणतो, की पंडितांच्या ताटात बसण्याची माझी पात्रता नाही, पण त्यांच्या ताटाखाली सांडलेले मी गोळा केले आहे आणि ते मी भुकेल्यांना वाढणार आहे. त्याची लोकभाषा म्हणजे जवाची भाकरी. तिच्यावर हजारो पोटे भरतील. त्याच सुमारास त्याने लोकभाषेच्या थोरवीवर एक प्रबंध लिहिला, आणि तो लॅटिनमध्ये लिहिला, कारण पटवावयाचे होते ते पंडितांना. दाईच्या मांडीवर ऐकून येते ती भाषा व्याकरण घोकून येणाऱ्या भाषेपेक्षा श्रेष्ठ, असा त्याचा दावा. इटलीतल्या चौदा बोली त्याने तपासल्या आणि स्वतःच्या तोस्कान बोलीलाही झुकते माप दिले नाही. आयुष्याच्या अखेरीस बोलोन्याच्या एका पंडिताने त्याला लॅटिन पद्यात पत्र धाडले, की एवढा मोठा विषय चव्हाट्यावरच्या भाषेत का उधळतोस, लॅटिनमध्ये लिही, तुला आम्ही मुकुट घालू. दान्तेने उत्तम लॅटिनमध्ये नम्र उत्तर दिले आणि आपले काव्य तोस्कानमध्येच पुरे केले.

येथे ज्ञानेश्वरांचे नाव तुमच्या ओठांवर आले असेल. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली नेवाशास पुरी झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्लॉरेन्सला बिआत्रिचे वारली. दान्ते तेव्हा पंचविशीचा, ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नव्हती, आणि कोणी कोणापासून काही घेतले अशी जुळवाजुळव करणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. एक कारण मात्र दोन्हीकडे सारखे होते. ज्ञान एका भाषेत कुलूपबंद, किल्ल्या थोड्यांच्या कमरेला, आणि बाहेर व्यापार करणारा, शेती करणारा, हिशेब जाणणारा मोठा समाज. मराठीच्या सामर्थ्याविषयीची ज्ञानेश्वरांची प्रतिज्ञा तुम्हां सर्वांना पाठ आहे. ती मी येथे म्हणून दाखवीत नाही. दोघेही बहिष्कृत. दान्तेला गावाने टाकले, आळंदीच्या भावंडांना जातीने. पैठणच्या शास्त्र्यांपुढे ज्याच्या मुखातून वेद वदविला असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आपल्या जुन्नर तालुक्यात, आळे गावी आहे. चमत्कार कोणी मानो वा न मानो. ज्या लोकांनी त्या जनावराची समाधी सातशे वर्षे सांभाळली त्यांना आपण काय सांभाळीत आहोत हे नक्की कळत होते. वेद म्हणण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाचे ते दगडी उत्तर आहे.

पुस्तके टिकविण्याच्या रीतीतही एक मौज आहे. दान्तेच्या स्वतःच्या हातची एक ओळही आज उपलब्ध नाही. त्याच्या काव्याच्या सुमारे आठशे हस्तलिखित प्रती मात्र आहेत, आणि त्या एकमेकींशी बऱ्याच जुळतात. ह्याचे श्रेय त्याच्या छंदाला आहे. तीन तीन ओळींच्या कडव्यांत मधल्या ओळीचे यमक पुढच्या कडव्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गुंतते, साखळीप्रमाणे. मध्ये कोणी चार ओळी घुसडल्या किंवा गाळल्या तर कडी तुटते आणि चोरी उघडकीस येते. आमची ओवी मोकळी. तिच्यात कोणीही आपली भर घालावी. म्हणून तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांना ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला. त्या काळापासून पुढे पोथ्या आणि दप्तरे ज्या कागदावर उतरली त्यांत जुन्नरी कागदाचे नाव मोठे आहे. कागदी लोकांच्या हौदांत लगदा ढवळणारे हात साहित्याच्या इतिहासात कोणी मोजीत नाही. ‘कोम्मेदिया’ प्रथम छापली गेली १४७२ साली फोलिन्यो गावी. ज्ञानेश्वरी १८४५ साली मुंबईस, बाळशास्त्री जांभेकरांच्या हातून.

काव्याचा प्रभाव म्हटला म्हणजे टीकाकार कवींची यादी देतात. ती मी पुढे थोडक्यात देईन. पण दान्तेचा पहिला प्रभाव रस्त्यावर दिसतो. साकेत्ती नावाच्या चौदाव्या शतकातील कथाकाराने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक लोहार ऐरणीवर घण घालता घालता दान्तेच्या ओळी म्हणत होता. काही गाळीत होता, काही भलतीकडे जोडीत होता. दान्ते आत शिरला आणि त्याने हातोडा, सांडशी, तराजू एकेक करून रस्त्यावर फेकले. लोहार ओरडला, माझे काम का बिघडवता? दान्ते म्हणाला, तू माझे का बिघडवतोस? दुसऱ्या गोष्टीत गाढव हाकणारा त्याचे काव्य गात चालला आहे आणि मध्ये मध्ये जनावराला हाळी देतो. दान्ते त्याला धपाटा घालून म्हणतो, ही हाळी मी लिहिलेली नाही. गोष्टी दंतकथाच, महाकाव्य लोकांच्या हाती पडले तेव्हा कवीला फ्लॉरेन्समध्ये पाऊल टाकण्याची बंदी होती. पण दंतकथा उगाच जन्मत नाहीत. लोहार आणि गाढववाले ते काव्य काम करताना म्हणत होते, एवढे त्यांवरून निश्चित. आमच्याकडे जात्यावर आणि मोटेवर जे चालत आले तेच हे. पेत्रार्क कवीला हे सहन झाले नाही. १३५९ साली बोकाच्चिओला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की खाणावळवाले आणि कापड खुंदळणारे ज्याची वाहवा करतात त्याचा मी कशाला हेवा करू? मी मात्र लोहाराच्या बाजूचा आहे. घणाच्या तालात बसविताना त्याने दोन शब्द इकडचे तिकडे केले असतील, पण पेत्रार्कच्या लॅटिन महाकाव्याला तेवढाही उपद्रव कोणी दिला नाही.

कवींपैकी चॉसर १३७३ च्या वसंतात फ्लॉरेन्सला राजकामावर गेला होता, व्याख्याने सुरू होण्याच्या थोडेच आधी. इंग्लंडला परतल्यावर त्याने उगोलिनोची कथा, मनोऱ्यात मुलांसह कोंडून उपाशी मारलेल्या सरदाराची, इंग्रजीत आणली. पुढे मिल्टन आला. सतराव्या-अठराव्या शतकांत दान्तेला उतरती कळा लागली, व्हॉल्टेरने त्याची टर उडविली. इटलीच्या स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली तेव्हा तो पुन्हा वर आला. मॅझिनीने त्याच्यावर लिहिले. सावरकरांच्या १९०७ च्या भाषांतराने मॅझिनी महाराष्ट्रात पोचला. दान्ते तसा पोचला नाही, हे मराठी वाचकाचे नुकसान आहे.

बंगाली लोक आपल्या पुढे होते. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ च्या ‘मेघनादवध’ काव्यात रामाला जिवंतपणी यमलोकी नेऊन दशरथाची भेट घडविली. त्या सर्गावर दान्तेची छाया स्पष्ट आहे. १८६५ साली फ्लॉरेन्समध्ये दान्तेच्या जन्माची सहावी शताब्दी साजरी झाली तेव्हा त्यांनी फ्रान्सहून त्याच्यावर एक बंगाली सुनीत इटलीच्या राजाला पाठविले. रवींद्रनाथांनी १८७८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, बिआत्रिचे आणि दान्ते ह्यांवर निबंध लिहिला.

आणि मुंबईत? तेथे तर साक्षात त्याचे हस्तलिखित आहे. फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात ‘कोम्मेदिया’ची चौदाव्या शतकातील प्रत आहे. ती दिली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने. हाच तो पुण्याचा रेसिडेंट. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरचा त्याचा बंगला पेटविला गेला आणि त्याची पुस्तके जळाली. डिसेंबरात दुसरे बाजीराव ह्याच जुन्नरच्या वाटेने पळत होते. पेशवाई बुडविणारा माणूस इटालियन महाकाव्याचा रसिक होता. रसिकता आणि राज्य घेणे ह्यांत त्याला विरोध दिसला नाही. मुसोलिनीने १९३० साली ह्या प्रतीसाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने ते नाकारले, असे सांगितले जाते. त्याच वेळी त्याच्या तुरुंगात ग्राम्शी नावाचा कामगार पुढारी आपल्या टिपणवह्यांत नरकाच्या दहाव्या सर्गावर लिहीत होता. ते हस्तलिखित तेथे आहे आणि त्या इमारतीच्या पायऱ्यांवरून खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळचे डबेवाले रोज जेवण पोचवीत जातात. त्या पुस्तकाची खरी वारसदार मंडळी त्याच्या एवढ्या जवळून जात असते.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. १९४४ साली आउश्विट्झच्या छळछावणीत प्रिमो लेव्ही नावाचा इटालियन कैदी एका फ्रेंच सोबत्याबरोबर सुपाचे पातेले आणावयास चालला होता. वाटेत त्याने सोबत्याला इटालियन शिकविण्यासाठी नरकाच्या सव्विसाव्या सर्गातील युलिसिसचे भाषण आठवून आठवून सांगावयास घेतले. मधल्या ओळी आठवेनात. त्या ओळी परत मिळाल्या तर आजचे सूप देऊन टाकीन, असे त्याने १९४७ च्या पुस्तकात लिहिले आहे. उपाशी माणसाने लावलेली ही किंमत मुसोलिनीच्या दहा लाखांपेक्षा जास्त आहे.

शेवटी त्या काव्यातील एक प्रश्न, जो आपल्याविषयी आहे. स्वर्गाच्या एकोणिसाव्या सर्गात दान्ते न्यायाच्या गरुडापुढे उभा आहे. त्याच्या मनात एक शंका वर्षानुवर्षे डाचत आहे, आणि गरुडच ती बोलून दाखवितो: सिंधूच्या काठी एक माणूस जन्मला. तेथे ख्रिस्ताचे नाव सांगणारा, लिहिणारा कोणी नाही. त्याचे वागणे, त्याची इच्छा सर्व चांगली. तो बाप्तिस्म्याविना मरतो. त्याला स्वर्ग नाही, हा कोठला न्याय? त्याचा दोष काय? तेराव्या शतकातील श्रद्धाळू ख्रिश्चनाने हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारावा, आणि उदाहरणाला नेमका हिंदुस्थानातला माणूस घ्यावा, हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. गरुडाचे उत्तर मात्र वरिष्ठ साहेबाला शोभणारे आहे: तू कोण न्यायासनावर बसणारा, तुझी नजर ती केवढी! थोडी फुंकर तो घालतो. ख्रिस्त ख्रिस्त म्हणणारे पुष्कळ जण निवाड्याच्या दिवशी त्याला न ओळखणाऱ्यापेक्षा दूर उभे असतील, असे म्हणतो. पुढच्या सर्गात ट्रॉयचा एक न्यायी बिगरख्रिस्ती वीर स्वर्गात बसलेलाही दाखवितो. पण सिंधूकाठच्या माणसाचा निकाल काही देत नाही. प्रश्न मोठा, उत्तर त्याच्या मानाने तोकडे, असे माझे मत आहे. दान्तेची थोरवी ही की त्याने प्रश्न खोडला नाही.

ह्या स्वर्गयात्रेवर इस्लामी मिराज-कथांची छाया आहे, असे आसीन पालासिओस ह्या स्पॅनिश पंडिताने १९१९ साली मांडले. मिराजच्या एका ग्रंथाचे लॅटिन भाषांतर दान्तेच्या जन्माच्या सुमारासच झाले होते, हे पुढे हस्तलिखितांवरून दिसून आले. वाद अजून चालू आहे. आणि १९३२ साली सिंधूच्या खोऱ्यातल्याच एका कवीने, लाहोरच्या इक्बालने, दान्तेचा साचा डोळ्यांपुढे ठेवून ‘जाविदनामा’ हे फार्सी काव्य लिहिले. त्यात तो रूमीचे बोट धरून ग्रहांमागून ग्रह चढत जातो. चंद्रावरच्या गुहेत त्याला विश्वामित्र भेटतो. वर, स्वर्गात, ज्या भर्तृहरीची शतके वामन पंडितांनी मराठीत आणली, तो बसलेला आहे, आणि त्याला तेथे कोणी बाप्तिस्मा विचारलेला नाही.